गळक्या वर्गाचं निवेदन: सीमाभागातल्या शिक्षक संघटनांसाठी कामाची पद्धत

‘शाळेची इमारत जीर्ण झाली असून त्वरित दुरुस्ती व्हावी’ अशा एका ओळीच्या निवेदनावर मनात असूनही कुणा अधिकाऱ्याला काही करता येत नाही. त्याला खोलीचा क्रमांक लागतो, त्या खोलीत किती मुलं बसतात ते लागतं, नेमकं काय मोडलंय आणि ते कुणी तपासलंय हे लागतं. यातलं काहीच नसेल तर निवेदनावर ‘पुढील कार्यवाहीसाठी’ असा शेरा पडतो आणि ते दुसऱ्या टेबलावर जातं. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, कागवाड, अथणी या पट्ट्यातल्या सरकारी मराठी शाळांची कितीतरी निवेदनं अशीच फिरत राहतात. संघटनेनं सुरुवात घोषणेनं करू नये, मोजपट्टीनं करावी. एकट्या मुख्याध्यापकानं तक्रार केली की ती त्याच्या अंगावर येते. तालुक्यातल्या वीस शाळांची मोजमापं एकाच नमुन्यात, संघटनेच्या कागदावर गेली की ती तालुक्याची गोष्ट होते.

आधी मोजा, आणि दोनदा मोजा

एक पाहणी शाळा उघडायच्या आधी, मेच्या शेवटी. दुसरी जूनअखेर किंवा जुलैत, पाऊस लागल्यावर. कोरड्या दिवसात काढलेल्या फोटोत गळती दिसत नाही आणि भर पावसात छपरावर चढता येत नाही, म्हणून दोन्ही लागतात. खानापूर तालुक्यातल्या कणकुंबी-जांबोटी भागात पावसाची झड दिवसचे दिवस सुटत नाही. तिथे दुसरी पाहणी हाच खरा पुरावा.

सामान थोडकं आहे. पाच मीटरचा टेप, खडू, बॅटरी, हातभर लाकडी दांडकं आणि तारीख-वेळ उमटणारा मोबाईल. प्रत्येक खोलीला एक स्वतंत्र पान करा. वर शाळेचा युडायस क्रमांक (सरकारच्या शाळा-माहिती नोंदीतला क्रमांक) आणि खोली क्रमांक लिहा. हा क्रमांक दारावरही रंगवून घ्या, कारण पाहणीला आलेला इंजिनिअर आणि निवेदनाचा कागद यांची गाठ त्या आकड्यावरच पडते.

खोलीची लांबी-रुंदी घ्या आणि पटाने भागा. २० बाय २० फुटांच्या खोलीत ४० मुलं म्हणजे एका मुलाला १० चौरस फूट. त्यातून कपाट, टेबल आणि दारापुढची जागा वजा केली की बाकांची रांग फळ्याला जाऊन टेकते. खिडक्यांचं उघडणारं क्षेत्रफळही मोजा. राष्ट्रीय इमारत संहिता दमट-उष्ण हवामानात जमिनीच्या एक षष्ठांश आणि कोरड्या-उष्ण हवामानात एक दशांश इतकी उघडी जागा धरते. खिळे ठोकून कायमची बंद केलेली खिडकी यात धरू नका.

आता छप्पर. जुन्या शाळा मंगळुरी कौलांच्या आहेत. तिथे फुटलेलं कौल हा किरकोळ दोष आहे. खरा धोका वासे आणि तुळयांच्या टोकांना असतो, जिथे लाकूड भिंतीत शिरतं. तिथे ओल राहते, वाळवी लागते, बाहेरून लाकूड शाबूत दिसतं आणि आतून पोकळ झालेलं असतं. दांडक्यानं वाजवून पाहा, बद्द आवाज आला तर नोंद करा. स्लॅबच्या खोलीत छताला तपकिरी डाग, पोपडे किंवा उघडी पडलेली सळई दिसते का ते बघा. पाणी सळईपर्यंत पोचलं की ती गंजून फुगते आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडते. अशा छताला नुसता गिलावा करून रंग दिला तर दोष झाकला जातो, थांबत नाही. पुढे तो तुकडा पडतो तेव्हा गिलाव्यासकट पडतो.

दार-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चढणारी भेग गिलाव्यातल्या केसभर भेगेपेक्षा गंभीर असते. तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलनं रेघ मारून तारीख लिहा, शेजारी पट्टी धरून फोटो घ्या. महिन्याभरानं भेग रेघेपुढे गेली असेल तर भिंत हलते आहे आणि ते सांगायला वेगळ्या शब्दांची गरज उरत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, घटप्रभा आणि मलप्रभा यांच्या पुराचं पाणी ज्या शाळांत शिरलं होतं, तिथे पायाजवळच्या भेगा आणि खचलेली फरशी वेगळी नोंदवा. पाणी किती उंचीपर्यंत चढलं होतं ती खूण भिंतीवर अजून असेल तर तिचाही फोटो घ्या.

विजेचं पान कधी वगळू नका. ओल्या भिंतीतून गेलेली वायर, झाकण नसलेला बोर्ड, अर्थिंगचा पत्ता नसणं हे दोष दुरुस्त करणं छपरापेक्षा कितीतरी स्वस्त असतं आणि जीव मात्र हेच दोष घेतात. मीटरपर्यंतचा दोष असेल तर अर्ज हेस्कॉमकडे, म्हणजे वीज कंपनीकडे जातो. मीटरच्या पुढचा सगळा शाळेच्या अनुदानातून.

शौचालयासाठी स्वच्छ विद्यालय कार्यक्रमाचं माप साधारण ४० मुलांमागे एक युनिट असं आहे, म्हणजे एक संडास आणि तीन मुताऱ्या. मुलींचं वेगळं मोजा. बांधलेली किती हे विचारू नका, आज दुपारी पाणी येऊन वापरता येतात अशी किती ते लिहा. कुलूपबंद शौचालय कागदावर चालू असतं आणि पुढचं मंजूर होण्याच्या वाटेत तेच आडवं येतं.

नली-कलीच्या, म्हणजे कृतीतून शिकण्याच्या पद्धतीच्या, वर्गासाठी एक रकाना वाढवा. पहिली ते तिसरीची मुलं इथे जमिनीवर गटागटानं बसतात, कार्डं भिंतीवर आणि दोरीवर टांगलेली असतात, मुलांच्या हाताच्या उंचीवर लिहायचे फळे असतात. जमीन ओली झाली की बाकांवरचा वर्ग कसाबसा चालतो, नली-कलीचा मोडतो. कार्डं भिजून बुरशी धरतात आणि मराठी माध्यमाचा संच पुन्हा मिळायला वेळ लागतो. ‘गळतीमुळे अमुक तारखेपासून इतके दिवस गट पद्धत बंद’ ही नोंद छपराच्या मागणीला शिक्षणाशी जोडते. शिक्षण खात्याच्या अधिकाऱ्याला ती इंजिनिअरच्या अहवालाइतकीच कळते.

हक्क आकड्यांत आहे

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार असं प्रमाण आहे. सहावी ते आठवीला वर्गामागे किमान एक शिक्षक आणि ३५ मुलांमागे एक. याच परिशिष्टात प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, शिवाय कार्यालय-भांडार-मुख्याध्यापक यांची मिळून एक खोली, मुलामुलींची वेगळी शौचालयं, पिण्याचं सुरक्षित पाणी, अडथळा नसलेली वाट, दुपारच्या जेवणाचं स्वयंपाकघर, मैदान आणि कुंपण आहे. म्हणजे पहिली ते पाचवीच्या शाळेचा पट ५९ असेल तर हक्क दोन खोल्यांचा, ६१ झाला की तीन खोल्यांचा. पट काठावर असेल तर जूनमधल्या दोन प्रवेशांची एसएटीएसमध्ये (खात्याच्या विद्यार्थी-नोंदीच्या प्रणालीत) वेळेवर नोंद होणं किती मोलाचं आहे हे यावरून कळेल.

याच कायद्याच्या कलम २६ प्रमाणे मंजूर शिक्षकसंख्येच्या दहा टक्क्यांहून अधिक जागा रिकाम्या ठेवता येत नाहीत. कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकांना बिगर-शैक्षणिक काम लावता येत नाही. पण हे मुद्दे वर्गखोलीच्या निवेदनात घालू नका. एका कागदात दहा मागण्या असल्या की सगळ्यात सोप्या मागणीला उत्तर मिळतं आणि फाईल बंद होते.

युडायसमधली ती एक खूण

सगळ्यात जास्त मागण्या इथे मरतात, म्हणून इथे जरा थांबू. युडायसमध्ये दरवर्षी प्रत्येक खोली ‘चांगली’, ‘किरकोळ दुरुस्ती’ किंवा ‘मोठी दुरुस्ती’ यांपैकी एकात टाकावी लागते. हा तक्ता मुख्याध्यापकच भरतात. गेल्या वर्षीचा आकडा तसाच पुढे ओढला जातो, किंवा ‘खराब लिहिलं तर आपल्यालाच विचारतील’ या भीतीनं ‘चांगली’वर खूण होते. मग संघटनेचं निवेदन सांगतं की चार खोल्या धोक्याच्या आहेत आणि खात्याच्या संगणकात चारही चांगल्या असतात. समग्र शिक्षण या केंद्राच्या योजनेच्या आराखड्यात शाळा निवडताना संगणकातलाच आकडा बघितला जातो.

त्यामुळे निवेदन लिहायच्या आधी गावोगावच्या मुख्याध्यापकांना एकत्र बसवून खोली-पान आणि युडायस तक्ता शेजारी ठेवा. फरक असेल तिथे आकडा सुधारून घ्या आणि सीआरपींना (समूह साधन व्यक्तींना) तो कारणासह लेखी कळवा. तालुका संघटनेनं हे एकत्र केलं की कुणा एका मुख्याध्यापकाला ‘गेल्या वर्षी असं का लिहिलं होतं?’ या प्रश्नाला एकट्यानं तोंड द्यावं लागत नाही. वर्षभराच्या कामातली ही एक दुपार सगळ्यांत मोलाची आहे.

जोडायचे कागद

खोली धोक्याची आहे हे शिक्षकानं म्हणून भागत नाही. गावातल्या शाळेसाठी पंचायत राज अभियांत्रिकी विभागाच्या तालुका कार्यालयाकडे आणि शहरात सार्वजनिक बांधकाम खात्याकडे बीईओ (गटशिक्षणाधिकारी) कार्यालयामार्फत पाहणीची मागणी करा. इंजिनिअरच्या अहवालात खोली क्रमांक आणि ‘वापरास अयोग्य’ किंवा ‘दुरुस्तीयोग्य’ यांपैकी एक शब्द स्पष्ट असू द्या. नुसतं ‘जुनी इमारत’ लिहिलेला अहवाल परत करून सुधारून मागा. अंदाजपत्रकही त्यांच्याकडूनच घ्या. गावातल्या गवंड्यानं दिलेला आकडा फाईलला चालत नाही.

अयोग्य ठरलेल्या खोलीला त्याच दिवशी कुलूप लावा, दारावर ‘धोकादायक, प्रवेश बंद’ रंगवा आणि मुलं कुठे बसवली ते हजेरी-नोंदीत लिहा. ती पाडायची घाई मात्र नको. पाडण्याची परवानगी आणि जुन्या सामानाचा लिलाव यांची ठरलेली पद्धत आहे. कौलं-वासे गावात वाटून टाकले तर पुढच्या लेखापरीक्षणात मुख्याध्यापक अडकतात.

दुसरा कागद जागेचा. सीमाभागातल्या अनेक शाळा गावकऱ्यांनी तोंडी दिलेल्या जागेवर उभ्या आहेत आणि उतारा अजून मूळ मालकाच्या वारसांच्या नावावर आहे. नवीन खोली मंजूर होते आणि जागेच्या कागदावर अडते. तोवर आर्थिक वर्ष संपतं. ग्रामपंचायतीच्या ई-स्वत्तू या मालमत्ता-नोंदीमध्ये शाळेची नोंद आहे का, शेतजमीन असेल तर आरटीसी उताऱ्यावर (कर्नाटकातला सातबारा) कुणाचं नाव आहे, हे आजच बघून ठेवा. बक्षीसपत्राला वर्ष लागतं, निधी त्याच्यासाठी थांबत नाही.

तिसरा, एसडीएमसीचा, म्हणजे शाळा विकास व देखरेख समितीचा ठराव. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात. कलम २२ प्रमाणे समितीनं केलेला शाळा विकास आराखडा हाच सरकारच्या आराखड्याचा आणि अनुदानाचा पाया धरायचा असतो. म्हणून मागणी आधी त्या आराखड्यात उतरवा. ठराव मराठीत लिहा, वाचून दाखवा, मग सह्या घ्या. सही करणाऱ्या आईला आपण काय मागतोय हे माहीत असलं की पुढे पाहणीला आलेल्या साहेबापुढे तीच बोलते.

कुठली मागणी कुणाकडे

काच, बोर्ड, नळ, फळा, थोडी कौलं अशी किरकोळ कामं शाळेच्या वार्षिक अनुदानातून करा. समग्र शिक्षणचं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं. ३० मुलांपर्यंत १० हजार, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार, १००० पर्यंत ७५ हजार आणि त्यापुढे १ लाख रुपये. यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर घालायचे असतात. १० हजारांत छप्पर होत नाही हे उघड आहे, पण हे पैसे कशावर गेले याचा हिशेब निवेदनाला जोडला तर ‘आधीचं अनुदान वापरा’ हे उत्तर येत नाही.

पाणी आणि शौचालय ग्रामपंचायतीकडे मागा. पंधराव्या वित्त आयोगानं पंचायतींच्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांच्यासाठीच बांधून दिला होता, त्यामुळे या कामांची पंचायतींना सवय आहे. पंचायतीच्या विकास आराखड्याचं काम २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होतं. पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) डिसेंबरात भेटलात तर यादी बंद झालेली असते. कुंपणाची भिंत आणि मैदान यांची कामं रोजगार हमीतून पुष्कळ ठिकाणी झाली आहेत, तीही पंचायतीमार्फतच.

खोल्यांची मोठी दुरुस्ती आणि नवीन खोल्या यांसाठी रांग बीईओ, मग जिल्ह्याचे शिक्षण उपसंचालक (डीडीपीआय), मग जिल्हा पंचायत अशी लागते. बेळगाव जिल्ह्यात शैक्षणिक जिल्हे दोन आहेत. खानापूर आणि बेळगाव शहर-ग्रामीण बेळगावच्या डीडीपीआयकडे, तर निपाणी, चिक्कोडी, हुक्केरी, अथणी, कागवाड चिक्कोडीच्या डीडीपीआयकडे. निपाणीचं निवेदन बेळगावात दिलं तर ते फिरून चिक्कोडीला जाईपर्यंत पाऊस संपतो. दोन्हींवर धारवाडचं अपर आयुक्त कार्यालय आहे.

आमदारांच्या स्थानिक निधीतून एखादी खोली होऊ शकते. विधान परिषदेच्या वायव्य शिक्षक मतदारसंघाच्या प्रतिनिधींकडेही जा. एक लक्षात ठेवा, त्या मतदारसंघात माध्यमिक आणि त्यावरच्या शिक्षकांनाच मत आहे. प्राथमिक शिक्षकांनी हायस्कूलच्या सहकाऱ्यांना शिष्टमंडळात बरोबर घ्यावं.

निवेदनाची भाषा

कार्यालयातली टिपणी कन्नडमध्ये चालते. म्हणून मूळ निवेदन कन्नडमध्ये आणि सोबत मराठी प्रत, असं करा. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं हे घटनेच्या कलम ३५०-अ मध्ये आहे. मराठी पाठ्यपुस्तकं किंवा मराठी शिक्षकाच्या जागेची मागणी असेल तिथे ते जरूर लिहा. छपराच्या निवेदनात सीमाप्रश्न आणू नका. छप्पर कन्नड शाळेचंही गळतं. एकाच आवारात दोन्ही माध्यमं असतील तर दोन्हींची खोली-पानं एकत्र जोडा. ती मागणी कुणाला भाषेच्या वादात ढकलता येत नाही.

पहिलं पान एवढंच असावं: शाळा, खोली क्रमांक, बसणारी मुलं, दोष, इंजिनिअरच्या अहवालाची तारीख, मागणी, आणि मधल्या काळाची सोय. बाकी सगळं जोडपत्रात. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. व्हॉट्सअॅपवर पाठवलेला फोटो म्हणजे निवेदन नव्हे.

उत्तर आलं नाही तर

तीस दिवसांनी आवक क्रमांक टाकून स्मरणपत्र द्या. त्यानंतर माहिती अधिकार. कर्नाटकच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आतला हवा, शुल्क १० रुपये. तीन विषय एका अर्जात घातले की तो परत येतो. ‘अमुक आवक क्रमांकाच्या निवेदनावर झालेल्या टिपणीची प्रत द्यावी’ इतकं पुरतं. ‘का केलं नाही’ असं विचारू नका, कारण माहिती कागदाची मिळते, मताची नाही. अर्ज पालकानं केलेला बरा. उत्तर ३० दिवसांत यायला हवं, नाहीतर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

मुलांच्या हक्काबाबत शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे पालक स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करू शकतात. ती तीन महिन्यांत निकाली काढायची असते. तिथे न्याय मिळाला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं. सरकारच्या जनस्पंदन व्यवस्थेत १९०२ या फोन क्रमांकावर केलेल्या तक्रारीला क्रमांक मिळतो, तोही फाईलला जोडा.

रस्त्यावर उतरायची वेळ आली तर आधी नियम बघा. सरकारी शिक्षकांना कर्नाटक राज्य नागरी सेवा (वर्तणूक) नियम, २०२१ लागू आहेत आणि सर्वोच्च न्यायालयानं २००३ मध्ये रंगराजन खटल्यात सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत हक्क नाही असं म्हटलं. सामुदायिक रजा हा संपच धरला जाऊ शकतो. शांततामय निदर्शनांवर सरसकट बंदी घालता येत नाही हे मात्र त्याच न्यायालयानं १९६२ मध्ये कामेश्वर प्रसाद खटल्यात सांगितलं होतं. तेव्हा धरणं शाळेच्या वेळेबाहेर किंवा सुट्टीच्या दिवशी, पोलिसांच्या लेखी परवानगीनं करा आणि पत्रकारांशी एकच प्रवक्ता आकड्यांत बोलू द्या. मुलांना मोर्चात आणू नका. त्यांच्या जागी खोली-पानांचे मोठे फोटो धरा.

बेळगावजवळ हलग्याच्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरतं तेव्हा सगळं सरकार आठवडा-दोन आठवडे आपल्या दारात असतं. त्या दिवसांत निवेदनांचा ढीग पडतो, म्हणून नुसतं निवेदन देणं वाया जातं. आमदारांना प्रश्न विचारायला लावायचा असेल तर सूचनेची मुदत बरीच आधीची असते. तालुक्याचा एकत्रित तक्ता ऑक्टोबरातच त्यांच्या हातात द्या.

‘पट कमी आहे, शाळा जोडून टाकू’

मागणीला मिळणारं हे सर्वांत अवघड उत्तर. त्याची तयारी आधीच ठेवा. अंगणवाडीच्या नोंदवहीतून गावातल्या सहा वर्षांखालच्या मुलांचा वर्षवार आकडा काढा. गेल्या तीन वर्षांत दाखला घेऊन गेलेल्या मुलांच्या पालकांना कारण विचारा आणि ते लिहून ठेवा. कर्नाटकच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी असं आहे. खानापूरच्या जंगलपट्ट्यात हे अंतर नकाशावरच्या सरळ रेषेनं मोजू नका. पावसात ओढा ओलांडता येत नसेल तेव्हाची पायवाट चालून मोजा आणि तारखेसह फोटो लावा. जोडायला सांगितलेल्या शाळेचीही खोली-पानं करा. तिथेच खोल्या अपुऱ्या असतील तर हा प्रस्ताव आकड्यांवरच कोसळतो.

गावानं वर्गणी काढून स्लॅब घालायचा विचार निघतो, त्यातलं प्रेम खरं आहे. रंग, पंखे, ग्रंथालय यासाठी माजी विद्यार्थ्यांची मदत जरूर घ्या. भार पेलणारं काम मात्र खात्याकडूनच करून घ्या. खासगी पैशातून विनापरवाना घातलेल्या स्लॅबची जबाबदारी पुढे कुणीच घेत नाही.

मंजुरी आल्यावर

अंदाजपत्रकाची प्रत एसडीएमसीच्या हातात असू द्या आणि काम त्यावरून रोज पडताळा. नवीन स्लॅबला साध्या सिमेंटसाठी किमान सात दिवस आणि मिश्र सिमेंटसाठी किमान दहा दिवस पाणी मारलं जातंय ना, ते वहीत तारखेनं लिहा. एप्रिल-मेच्या उन्हात दोन दिवस चुकले तरी भेगा पडतात. जलरोधक थर घातल्यावर स्लॅबवर कडेनं बांध घालून पाणी साठवा, २४ तास ठेवा आणि खालून छत बघा. कौलांच्या दुरुस्तीत बदललेले वासे मोजा, नुसती कौलं मोजू नका. लाकडाची टोकं भिंतीत बसवण्याआधी वाळवीचं औषध लागलंय का ते स्वतः पाहा, एकदा भिंत बुजली की ते कळत नाही. समितीची समाधानाची सही शेवटच्या बिलाआधी मागितली जाते. ती पाण्याची चाचणी झाल्यावरच द्या, आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर तेच खोली-पान घेऊन पुन्हा त्या खोलीत जा.